बाबांचं लॉगशीट

'ऑपरेशन सक्सेसफुल!' हे शब्द कानावर पडले की नातेवाइकांची अर्धी फौज कॅन्टीनकडे वळते. आपणही मोबाइल काढून ऑफिसात कळवून टाकतो, सोमवारपासून जॉइन होतेय. पण ऑपरेशन पोटाचं आणि मोठं असेल ना, तर खरं काम त्यानंतर सुरू होतं. तेही घरी, स्वयंपाकघरात आणि बाथरूमपर्यंतच्या पंधरा पावलांत.

बाबांच्या मोठ्या आतड्याचा उजवा भाग मुंबईत काढला. गाठ कॅन्सरची होती. तारापूर एमआयडीसीत तीस वर्षं शिफ्ट केलेला माणूस तीन प्लास्टिकच्या बॉलसमोर हतबल बसलेला मी पाहिला. ते स्पायरोमीटर हो! श्वास आत ओढून बॉल वर उचलायचे. दुखतं म्हणून पेशंट उथळ श्वास घेतो, कफ छातीत साठतो आणि मग न्यूमोनियाची भीती. खोकला आला की पोटाशी उशी घट्ट धरायची, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. हे वॉर्डातल्या सिस्टरनं शिकवलं. दिवसातून दहा वेळा, न चिडता.

आणि तो जागतिक प्रश्न, 'काका, गॅस पास झाला का?' इतर वेळी हसलो असतो. ऑपरेशननंतर आतडी काही काळ झोपतात, ती जागी झाल्याची ही खूण. पूर्वी तोवर तोंडात पाण्याचा थेंबही पडू देत नसत. १९९० च्या दशकात हेन्रिक केलेट या डॅनिश सर्जननं हा हिशोबच बदलला: पेशंटला लवकर उठवा, लवकर चालवा, लवकर खायला द्या. आता अनेक नियोजित ऑपरेशननंतर पहिल्या चोवीस तासांतच घोट घोट पाणी आणि पातळ आहार सुरू होतो. अर्थात कोणाला कधी, हे सर्जनच ठरवणार.

आठव्या दिवशी आम्ही बोईसरला आलो. डिस्चार्ज पेपरवर गोळ्यांची यादी पानभर, आहाराबद्दल एकच ओळ: 'सॉफ्ट डाएट'. बस्स! मग काय, ती ओळ अख्ख्या बिल्डिंगनं आपापल्या परीनं भरून काढली. भातानं जखमेत पू होतो. अंडं गरम पडतं. दही नको, मासे तर नकोच नको. उरलं काय? पेज, वरणाचं पाणी आणि साबुदाण्याची खीर. आई बिचारी तेच करत राहिली. बाबा ६१ किलोंवरून ५५ वर आले. केमो सुरू व्हायचा होता आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, अंगात ताकद नसेल तर थांबावं लागेल.

मी डाएटिशियनला फोन लावला. तिनं गणितच मांडलं. अशा पेशंटला दर किलो वजनामागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं. म्हणजे बाबांना रोज ६६ ते ८२ ग्रॅम. वरणाच्या पाण्यात ते नावापुरतं, साबुदाण्यात जवळपास शून्य. जखम भरायला शरीराला माल लागतो. बाहेरून मिळाला नाही तर ते स्वतःचे स्नायू मोडून वापरतं. अंड्यात सहा ग्रॅम, ग्लासभर दुधात सहा-सात, शंभर ग्रॅम माशात अठराच्या आसपास. एका वेळी थोडं, पण दिवसातून सहा वेळा. साली, बिया, कच्ची कोशिंबीर मात्र काही आठवडे बंद.

गंमत बघा. आमच्या जिल्ह्यात कुपोषण म्हटलं की जव्हार-मोखाडा आठवतं. १९९२ साली वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी सरकार हादरलं होतं. पण शिकलेल्या घरात, भरल्या फ्रिजशेजारी, साठीचा माणूस महिनाभर उपाशी राहू शकतो, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आई ऐकेना. तेव्हा ड्रेसिंगला येणाऱ्या रिटायर्ड सिस्टर मदतीला धावल्या. पालघरहून लोकलनं यायच्या. जखमेभोवती लाली, ऊब, पू आहे का बघायच्या, ताप विचारायच्या, पोटऱ्या दाबून सुजल्यात का तेही तपासायच्या. (पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून चालणं मस्ट!) त्या आईला म्हणाल्या, "ताई, सातपाटीच्या इतक्या जवळ राहता आणि पेशंटला पेज पाजता?" दुसऱ्या दिवशी मावशीकडून मुडदुशी आली. हळद-मीठ लावून, बिनतिखटाची, काटे काढून, मऊ भातासोबत.

बाबांनी मग जुनी डायरी काढली आणि प्लांटसारखं लॉगशीट सुरू केलं. फर्स्ट शिफ्ट: अंडी दोन, दूध एक. सेकंड शिफ्ट: मूगडाळ खिचडी, दही. गॅलरीत फेऱ्या: बारा. नाइट शिफ्ट: दूध, झोप खंडित. आई रोज सही करायची, सुपरवायझर म्हणून.

पाचव्या आठवड्यात काटा ५७ वर गेला आणि केमोची तारीख मिळाली. त्या दिवशीच्या नोंदीत 'रिमार्क्स'च्या रकान्यात बाबांनी लिहिलंय: 'मुडदुशी २ नग. मीठ कमी. सुपरवायझरला तोंडी कळवले. कारवाई नाही.'