मजल आणि तास
मजल म्हणजे एका दिवसाची वाटचाल. जुन्या मराठीत कोसाबरोबर हे मापही रूढ होते. अंतराच्या शब्दातच वेळ सामावलेला होता. आजही ‘किती लांब?’ या प्रश्नाला आपण ‘अर्ध्या तासावर’ असे उत्तर देतो.

मुंबई-दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१५० किलोमीटर. विमानाला दोन तास पुरतात. परंतु हा हिशेब विमानतळापासूनचा असतो. थोरले बंधू दिल्लीत अत्यवस्थ असल्याचे कळताच मी डोंबिवलीहून निघालो आणि कल्याणचा रस्ता जुन्या मुंबई-पुणे महामार्गाला मिळतो, त्या शीळफाट्यावर तासभर खोळंबलो. दिल्लीस पोहोचलो तेव्हा बंधूंची शुद्ध हरपली होती. तासाभरापूर्वी त्यांनी माझे नाव घेतले होते, असे वहिनींनी सांगितले. तेव्हापासून अंतर मीही तासांतच मोजतो.