दोन्ही हात

चतुर्थीसाठी माळ्यावरचं घंगाळ काढलं. बिंबल चोळताच तांब्याचा तुरट वास उठला आणि पोटावरचे ठोके चमकले. मुंबईहून आलेली भाची म्हणाली, ‘‘किती छान डिझाइन!’’

या शब्दावर माझा जुना राग आहे. साच्यात दाबून खळगे पाडलेल्या बाटल्या हल्ली ‘हातकाम’ म्हणून खपतात. ठोका शोभेसाठी नसतोच. ठोकून तांबं कडक होतं, म्हणून पातळ पत्र्याचं भांडंही पाण्याच्या भाराने वाकत नाही. फार ठोकलं तर चिरतं. मग लाल तापवून पुन्हा मऊ करायचं.

हे घंगाळ माझ्या तांबट मामाच्या मशीनवरचं. उजवा खांदा गेला, तेव्हा त्याने भंगारातून एक मोटर आणि ट्रकच्या कमानीचे पाटे आणले. मोटरवरून चाकाला पट्टा, चाकाला दांडा, दांड्याने हलणारे पाटे आणि त्यांच्या टोकाला हातोडा. पट्टा मुद्दाम ढिला. पायाने दाबला की आवळायचा. जेवढा पाय, तेवढा ठोका. मशीन सुरू झालं की वाडीतले दिवे मंदावत आणि मामाच्या नावाने शिव्या सुरू होत.

इंग्लंडात नॅस्मिथ नावाच्या इंजिनिअरने 1839 मध्ये वाफेच्या घणाचं चित्र काढलं, ते ‘ग्रेट ब्रिटन’ जहाजाचा अवजड दांडा घडवण्यासाठी. पुढे जहाजाला बाजूच्या चाकांऐवजी पंखा बसवायचं ठरलं आणि तो दांडा लागलाच नाही. घण मात्र राहिला. मामाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला खांदा ठाऊक होता.

आठवतात ते त्याचे हात. पूर्वी उजवा हात हातोड्यात अडकलेला, भांडं एकटा डावा फिरवी. आता दोन्ही तळवे तांब्यावर. एका गिऱ्हाइकाने नाक मुरडून विचारलं, हाताचं की मशीनचं? मामा म्हणाला, ‘‘हाताचा. आदी एका हातान करी होतंय, आता दोन्ही हातांनी करतंय.’’

हातकाम बघायला लोक पुण्याच्या तांबट आळीत जातात. पेशवाईत तिथे गेलेले ते तांबट मूळचे कोकणातलेच. कौतुक रास्त आहे, पण कौतुक करणाऱ्यांचे खांदे शाबूत असतात.

हे लिहिताना मामी आठवली. मशीनची धडधड चालू असताना ती मागच्या पडवीत पाट्यावर वाटप वाटत असे. मोटरवर एवढा जीव असलेल्या मामाला वाटप मात्र हाताचंच लागे. मिक्सर घरात आला तो मुलीच्या पगारातून. पहिल्याच दिवशी तिकल्याचा घास घेऊन मामा म्हणाला, ‘‘चव गेली.’’