नाव झाकून तपासलेली गिटार

मी इलेक्ट्रिक गिटार घेतली ही बातमी नातेवाइकांत भलतीच लवकर पसरली. धाकट्या मेहुणीनं फोन करून "भावोजी, आता केसही वाढवणार का?" असं विचारलं. नाशिकच्या भाच्याला मात्र खरीच माहिती हवी होती. त्याची मुलगी नववीत आहे आणि तिनंही हाच हट्ट धरलाय. "मामा, चांगली कुठली तेवढं सांगा, तीच घेतो," म्हणाला. एका वाक्यात उत्तर द्यायला गेलो, ते काही जमेना. म्हणून म्हटलं, इथंच सविस्तर लिहावं. इतरांनाही उपयोग होईल.

आधी हे सांगायला हवं की ही काही म्हातारपणीची हौस नाही. सांगली जिल्ह्यात शिक्षक होतो तेव्हा शाळेच्या स्नेहसंमेलनात मी साधी गिटार वाजवत असे. शिकवायचो मराठी आणि इतिहास, पण डिसेंबर उजाडला की मुलं गिटारवाले सर म्हणूनच ओळखायची. निवृत्तीनंतरही रोज संध्याकाळी अर्धा तास वाजवणं चालू होतं. मग डाव्या हाताच्या बोटांची पेरं सुजू लागली. डॉक्टरांनी सांगितलं, बोटं हलती ठेवा, पण जोर देऊ नका. आता साध्या गिटारीवर जोर न देता सूर कसा दाबायचा? शेवटी गिटार पेटीत गेली आणि अकरा महिने ती पेटी उघडली नाही. घरात त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं, मीही नाही.

नातू एकदा सहज म्हणाला, "आजोबा, इलेक्ट्रिकच्या तारा मऊ असतात. माझ्या मित्राची एकदा वाजवून बघा ना." वाजवून बघितली. दुखलं, पण सोसवेल इतकंच. त्याचं कारण नंतर समजलं. साध्या गिटारीवर बहुधा ज्या तारा लावतात त्यातली सगळ्यात बारीक तार इंचाच्या १२ हजारांश जाडीची असते. इलेक्ट्रिकवर ९ हजारांशची चालते, आणि सहाही तारांचा मिळून ताण साधारण निम्म्यावर येतो. शिवाय तारा मानेच्या जास्त जवळ बसवता येतात, त्यामुळे बोट फारसं खाली दाबावं लागत नाही. म्हणजे ज्यांची बोटं कोवळी आहेत त्यांना आणि ज्यांची थकली आहेत त्यांना, दोघांनाही ही गिटार सोयीची. हे भाच्याच्या मुलीलाही लागू आहे.

घ्यायची हे ठरलं. पण कुठली?

दुकानात आणि जिकडेतिकडे पहिली चर्चा होते ती नावाची आणि लाकडाची. आता इलेक्ट्रिक गिटारीत आवाज तयार कसा होतो ते बघा. तारांच्या खाली पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज निर्माण होते. फॅरडेनं १८३१ साली दाखवलेलं हे तत्त्व आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर दरवर्षी मुलांना करून दाखवत. लाकडाचा आवाज त्या तारेतून जातच नाही, जाते ती तारेची हालचाल. अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या जिम लिल नावाच्या गिटारवादकानं २०२१ मध्ये याची मोठी गमतीदार तपासणी केली. एकेक भाग बदलत बदलत तो शेवटी इथवर आला की गिटारीचं अंगच काढून टाकलं. दोन आधारांमध्ये नुसत्या तारा ताणल्या, खाली पिकअप ठेवला आणि वाजवलं. आवाज खऱ्या गिटारीच्या इतका जवळचा निघाला की ऐकणारा चाट पडावा. लाकडाचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाही. वजन, मजबुती, हाताला लागणारा स्पर्श हे सगळं लाकडातूनच येतं. पण आवाजासाठी म्हणून लाकडाच्या नावाचे जादा पैसे मी देणार नाही.

राहिलं कंपनीचं नाव. इथं माझ्यातला परीक्षक जागा झाला. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर मुलाचं नाव नसतं, ते उगीच नाही. नाव दिसलं की गुण हलतात, कितीही प्रामाणिक परीक्षक असो. व्हायोलिनवाल्यांनी हे चांगलं सिद्ध केलंय. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसच्या स्पर्धेच्या वेळी २१ कसलेल्या वादकांना डोळ्यांवर वेल्डरचे काळे चष्मे चढवून स्ट्रॅडिव्हेरियससारखी जुनी आणि अगदी नवी व्हायोलिनं वाजवायला दिली. बहुतेकांना जुनं कुठलं हे ओळखता आलं नाही आणि पुष्कळांची पहिली पसंती नव्या व्हायोलिनला गेली.

तसंच आम्हीही करायचं ठरवलं. दुकानदार भला माणूस होता, सकाळी गर्दी नसताना या म्हणाला. तीन गिटारी काढल्या आणि त्यांना क, ख, ग अशी नावं दिली. क सगळ्यात महाग, ग सगळ्यात स्वस्त. नातवाचा जीव क वर, कारण ती काळी कुळकुळीत. त्याला पाठमोरा बसवलं आणि एकाच अ‍ॅम्पवर क आणि ग उलटसुलट करून सहा वेळा वाजवल्या. दोन्हींचे पिकअप एकाच जातीचे होते. त्यानं ओळखून कागदावर लिहायचं. सहापैकी तीन बरोबर आले. नाणं उडवून लिहिलं असतं तरी साधारण तेवढेच आले असते! पोरगा हसला, पण नंतर बराच वेळ गप्प होता.

कान झाकता येतात, हात मात्र झाकता येत नाही, आणि खरा निकाल हाताचाच. फेंडर कंपनीचे संस्थापक लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना गिटार वाजवता येत नव्हती. १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर आजही जगभर वाजते, पण ती घडवताना ते वादकांच्या हाती नमुने देत आणि त्यांच्या तक्रारी ऐकत. तेव्हा भाचेबुवा, मुलीला दुकानात घेऊन जा. घरबसल्या मागवू नका.

माझी गुणपत्रिका अशी होती. मान हातात कशी बसते, याला २५ गुण. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून बघायची, कुठं खरखर होते का, याला २०. तारा जोरात ओढून सोडल्यावर सूर जागेवर राहतो का, याला २०. बाराव्या पडद्याची परीक्षा २० गुणांची. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणजे तिथं दाबल्यावर मोकळ्या तारेचाच वरच्या सप्तकातला सूर यायला हवा. फोनवर सूर दाखवणारं अ‍ॅप असतं, त्यात लगेच कळतं. आणि उरलेले १५ गुण गुणगुण, बटणं आणि वायरींना.

या शेवटच्या मुद्द्याकडं घरी वाजवणाऱ्यानं नीट लक्ष द्यावं. एकेरी वेढ्यांचा पिकअप घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण पकडतो, पंख्याच्या रेग्युलेटरची कुरकुरही पकडतो. दुहेरी पिकअपमध्ये दोन वेढे अशा उलट रीतीनं जोडलेले असतात की दोघांनी पकडलेली गुणगुण एकमेकींना खाऊन टाकते. त्याला हंबकर म्हणतात. आमच्या घरी उन्हाळ्यात पंखा बंद करून वाजवणं शक्य नाही, म्हणून निदान एक तरी हंबकर हवा अशी माझी अट होती.

"आजोबा, रंगाला किती गुण?" नातवानं विचारलं. मी म्हटलं, शून्य. तो म्हणाला, "आवडता रंग नसेल तर पेटीतून बाहेर तरी काढाल का?" या मुद्द्यात तथ्य होतं. अंतर्गत मूल्यमापनाचे म्हणून वर पाच गुण दिले. निकाल लागला तो असा: क ७४, ख ७८, ग ६१. ख ची मान थोडी आखूड आहे, त्यामुळे पडदे जवळजवळ येतात आणि बोटं फार ताणावी लागत नाहीत. रंग? मातकट लाल. घराच्या कौलासारखा.

आता अ‍ॅम्प. दुकानात सगळे अ‍ॅम्प मोठ्यानं वाजवून दाखवतात आणि सगळे छान वाटतात. १०० वॅटचा अ‍ॅम्प १० वॅटच्या दहापट मोठा वाजतो असं लोकांना वाटतं. तसं नसतं. शक्ती दहापट झाली की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. घरातल्या खोलीत तर एका वॅटच्या आतच काम भागतं. त्यात आणखी एक मेख आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज बारीक केला की खर्जाचे सूर कानाला फारच कमी ऐकू येतात. म्हणून दुकानात भरदार वाटलेला अ‍ॅम्प घरी हळू लावला की पातळ वाटतो, आणि माणूस बिचारा आपल्या हाताला दोष देतो. मी दुकानदाराला म्हटलं, शेजारच्या खोलीत माणूस पुस्तक वाचत असेल इतक्या आवाजात ठेवा, मग ऐकू. त्या आवाजात पाचपैकी दोनच अ‍ॅम्प टिकले. हल्लीच्या काही अ‍ॅम्पना अर्ध्या वॅटवर चालवायची सोय असते, आणि हेडफोनची जागा तर बहुतेकांना असते. सौ.ची झोप सावध आहे. औषधं सुरू झाल्यापासून ती रात्री नऊलाच आडवी होते. माझ्या दृष्टीनं हेडफोनची ती जागा बाकी सगळ्या बटणांपेक्षा मोलाची.

राहिले इफेक्ट्सचे पेडल. यांची सुरुवात मोठी मजेशीर आहे. १९६१ च्या मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणात यंत्रातल्या बिघाडामुळे गिटारीचा आवाज फाटका आला. तो लोकांना आवडला, आणि १९६२ मध्ये तसा आवाज मुद्दाम काढणारा मेस्ट्रो फझ-टोन हा पेडल बाजारात आला. तेव्हापासून घुमारा, प्रतिध्वनी, लाटा, काय वाटेल ते पेडल निघालेत. मी मराठीचा शिक्षक, मला हे अलंकारांसारखे वाटतात. निबंधात मुद्दा असेल तर उपमा शोभते. मुद्दाच नसेल तर पानभर उपमा-उत्प्रेक्षा घातल्या तरी परीक्षक फसत नाही. प्रतिध्वनी लावला की दोन सुरांमधली फट बुजते, आणि नवशिक्याला वाटतं की जमलं. तेव्हा आधी काहीही न लावता कोरडं वाजवून बघावं. त्यात गोडी आली की मग एखादा घुमारा. आजकाल अ‍ॅम्पमध्येच हे पुष्कळसं असतं, पहिल्या वर्षी वेगळे पेडल घेऊच नयेत असं माझं मत.

सगळ्यात शेवटी एक गोष्ट, जी पावतीवर कुठंच लिहिलेली नसते. मिरजेच्या तंबोऱ्याची कीर्ती तुम्हाला ठाऊक आहेच, २०२४ मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तिथला कुठलाही कारागीर सांगेल की तंबोरा बोलतो तो जवारीनं. घोडी नीट घासलेली नसेल तर चांगला भोपळाही मुका. गिटारीचंही तसंच आहे. मानेचा बाक, घोडीची उंची, खाचांची खोली हे जाणत्या माणसाकडून लावून घ्यावं लागतं. त्याला सेटअप म्हणतात. मी ख वर हजार-दीड हजार रुपये खर्चून तो करून घेतला. तारा आणखी खाली आल्या. तीच गिटार, पण बोटांना निराळी वाटू लागली. हाताशी पैसे मोजकेच असतील तर थोडी स्वस्त गिटार घ्या, पण हे काम टाळू नका. नव्या मुलांपैकी किती जण सूर अवघड म्हणून गिटार सोडतात आणि किती जण तारा उंच म्हणून, हे कोणी मोजलंय की नाही कोण जाणे. शाळेतल्या अनुभवावरून सांगतो, खडू तुटका आणि फळा गुळगुळीत असला की अक्षराला दोष देऊ नये.

आता रोज संध्याकाळी वीस मिनिटं होतात. अनामिका अजून पूर्ण वळत नाही, म्हणून काही सूर तीनच बोटांत बसवून घेतलेत. परवा हेडफोन काढून ठेवला होता, तर सौ. आतून म्हणाली, "ते मघाचं पुन्हा वाजवा." किती गुण ते तिनं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

भाच्याला वेगळं उत्तर पाठवत नाही, त्यानं हेच वाचावं. तुमच्यापैकी कोणी घरी वाजवत असेल तर तुमच्या गुणपत्रिकेत काय काय आहे, ते जरूर कळवा.