बोस्निया वेगळा, हर्झेगोविना वेगळा

‘बोस्निया आणि हर्झेगोविना’ हे नाव पूर्ण कोणी घेत नाही. नुसते ‘बोस्निया’ म्हणून आपण मोकळे होतो, आणि त्यापाठोपाठ 1992 ते 1995 चे युद्ध व स्रेब्रेनित्साची कत्तल आठवते. ती आठवण पुसली जाऊ नयेच. पण हा देश पाहायचा असेल तर त्याच्या नावातल्या त्या ‘आणि’कडेही थोडे लक्ष द्यावे. उत्तरेचा मोठा भाग बोस्निया : डोंगर, दाट जंगले, आलुबुखाऱ्याच्या बागा, हिवाळ्यात बर्फ. दक्षिणेचा लहान भाग हर्झेगोविना : उघडा चुनखडीचा खडक, अंजीर, डाळिंब, द्राक्षे आणि कडक ऊन.

बहुतेक पर्यटक क्रोएशियाच्या किनाऱ्यावरून बसने येतात, मोस्तारच्या पुलावर फोटो काढतात आणि संध्याकाळी परत जातात. आठवडाभराची सवड असेल तर उलट करावे. सारायेव्होपासून सुरुवात करावी आणि पाण्याच्या वाटेने खाली उतरावे.

सारायेव्होची जुनी बाजारपेठ म्हणजे बाश्चार्शिया. तिथली तांबट आळी अजून ठोक्यांनी जागी असते. कहवा तांब्याच्या ‘जेझ्वा’त येतो, लहान ‘फिल्जान’मध्ये ओततात, शेजारी एखादा लोकूम. तो घाईने पिणारा माणूस परदेशी, हे लगेच कळते. भाषा स्लाव, पण कान उघडे ठेवले तर ओळखीची माणसे भेटावीत तसे शब्द भेटतात : दुकानाला ‘दुचान’, मोहल्ल्याला ‘महाला’, साबणाला ‘सापून’, शोरब्याला ‘चोर्बा’. ‘इन्सान’ आणि ‘राहत’ तर जवळजवळ जसेच्या तसे. फारसी आणि अरबीतून आपल्याकडे एक वाट आली, तुर्कीमार्गे तिकडे दुसरी गेली.

गाझी हुस्रेव-बेग यांची मशीद सुमारे 1530 ची. तिच्या शेजारच्या मनोऱ्यावरचे घड्याळ चंद्रमानाच्या हिशेबाने चालते. सूर्य मावळला की काटे बारावर. दिवस लहानमोठा होतो तसे ते सतत जुळवत राहावे लागते. आपल्याकडे ‘बारा वाजले’ म्हणजे काय ते सांगायला नको; इथे बारा वाजले म्हणजे मगरिबची वेळ झाली.

याच बेगांनी 1537 मध्ये मदरशासाठी वक्फनामा लिहून दिला. बांधकामातून जो पैसा उरेल त्यातून चांगले ग्रंथ घ्यावेत, अशी त्यात अट होती. त्या एका अटीतून उभे राहिलेले ग्रंथालय आजही चालू आहे. वक्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जमिनींचे खटले येतात. इथे पुस्तके येतात. 1992 च्या ऑगस्टमध्ये तोफांच्या माऱ्याने शहराचे राष्ट्रीय ग्रंथालय जळाले. वक्फच्या ग्रंथालयातली हस्तलिखिते मात्र कर्मचाऱ्यांनी खोक्यांत भरून, वेढा पडलेल्या शहरात एका जागेहून दुसऱ्या जागी हलवत वाचवली. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात याच शहरातल्या संग्रहालयाचे ग्रंथपाल दर्विश कोर्कुत यांनी ज्यूंचा एक मौल्यवान चित्रमय ग्रंथ, सारायेव्हो हग्गादा, नाझींच्या हाती पडू दिला नव्हता. मशीद, जुने ऑर्थोडॉक्स चर्च, कॅथीड्रल आणि 1581 चे सिनेगॉग इथे काही मिनिटांच्या चालीवर आहेत. ही जवळीक किती कष्टाने टिकली, ते टेकड्यांवरची पांढरी थडगी सांगतात. त्यांतल्या फार मोठ्या संख्येवर मृत्यूचे साल 1992 ते 1995 मधलेच.

सारायेव्होहून मोस्तारला रेल्वेने सुमारे दोन तास लागतात. गाड्या मोजक्याच, आणि 2024 च्या ऑक्टोबरातल्या पुरात व दरडींत हा मार्ग तुटला होता. म्हणून निघण्याआधी वेळापत्रक बघून घ्यावे. गाडी ईवान-सेड्लो खिंडीखालच्या बोगद्यातून जाते. बोगद्याच्या अलीकडचे पाणी डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राला मिळते, पलीकडचे नेरेत्वा नदीतून एड्रियाटिकला. आपल्या घाटमाथ्यासारखेच, फक्त उतरल्यावर कोकणाचा हिरवा ओलावा लागत नाही, उलट हिरवळ विरळ होत जाते. वाटेत कोन्यित्सला एक रात्र थांबावे. तिथला 1682 चा दगडी पूल 1945 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी उडवला होता, तो 2009 मध्ये पुन्हा बांधून झाला. गावातल्या लाकडावरच्या कोरीवकामाला युनेस्कोची मान्यता आहे. पुढे याब्लानित्साला कोकरू अख्खे भाजतात. खवय्यांनी ते चुकवू नये.

चीजमध्येही प्रदेश बदललेला कळतो. बोस्नियात व्लाशिच डोंगराचे पांढरे, खारवलेले; हर्झेगोविनात मेंढीच्या कातड्याच्या पखालीत मुरवलेले, वासाला उग्र. मला पहिले आवडते. लहान मुलांनाही तेच द्यावे.

मोस्तारला घरांच्या छपरांवर दगडाच्या फरशा दिसू लागतात. उस्मानी वास्तुकार हैरुद्दीन यांनी 1566 मध्ये पुरा केलेला पूल 9 नोव्हेंबर 1993 रोजी क्रोएट तोफांनी पाडला. 2004 च्या जुलैत तो त्याच जातीच्या स्थानिक दगडात पुन्हा उभा राहिला. हा पूल दोन समाजांना जोडतो, असे वाटाड्ये सांगतात. वाक्य गोड आहे, पण भूगोल वेगळा आहे. युद्धातली आघाडी पुलावर नव्हती. ती पश्चिमेला, थोड्या अंतरावरच्या बुलेवार रस्त्यावर होती, आणि तिथे गोळ्यांनी चाळण झालेल्या इमारती अजून दिसतात. शहराच्या राजकारणात ती रेघ अजूनही आहे. 2008 नंतरची नगरपालिका निवडणूक इथे थेट 2020 च्या डिसेंबरात झाली. तीन तासांच्या पाहुण्याला बुलेवार दिसत नाही. आपण तिथवर चालत जावे, मुलांना बरोबर घेऊन.

जेवणाची फार अडचण पडत नाही. ‘चेवापी’ म्हणजे गोमांसाचे किंवा मेंढीच्या मांसाचे लहान कबाब, ऊबदार ‘सोमून’ पावात कांद्यासह. पण 2013 च्या जनगणनेत मुस्लिम निम्म्याहून किंचितच जास्त होते. विशेषतः पश्चिम मोस्तारमध्ये आधी विचारूनच बसावे. लोक विचारल्याचा राग मानत नाहीत.

शेवटचे दोन दिवस मोस्तारच्या दक्षिणेला ठेवावेत. ब्लागायला उंच कड्याच्या पायथ्याशी, गुहेच्या तोंडाला लागून जुना सूफी तकिया आहे. गुहेतून बुना नदी उगमापासूनच नदी म्हणून बाहेर पडते, हिरवीगार आणि भर उन्हाळ्यातही बोचरी थंड. पुढे नेरेत्वाच्या काठावर पोचितेल हे दगडी गाव आहे. तिथली 1562-63 ची मशीद 1993 मध्ये पाडली गेली होती, आता पुन्हा उभी आहे. चढ खडा आहे, वडीलधाऱ्यांनी सकाळीच चढावे. खाली पायऱ्यांपाशी बायका अंजीर आणि डाळिंबाचा रस विकत बसलेल्या असतात.