मागच्या डाव्या चाकाची हजेरी

आमच्या गाडीत पुढच्या काचेपाशी काडेपेटीएवढा एक पडदा आहे. चार चाकांत किती हवा आहे ते तो सांगतो. जावईबापूंची भेट. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या माणसाला चाकातली हवा दिसली काय नि न दिसली काय, असं मी तेव्हा हसून म्हणालो होतो. पण रोज सकाळी शाळेला निघताना त्या चार आकड्यांवरून नजर फिरवायची सवय लागली. पहिल्या तासाला हजेरी घ्यावी तशी.

2024 च्या डिसेंबरात एका सकाळी मागच्या डाव्या चाकाच्या जागी आकडाच नव्हता. नुसत्या दोन आडव्या रेघा.

जावयांना फोन केला. ते म्हणाले, सेन्सरची बॅटरी संपली असेल, घरीच बदलता येईल. त्यांच्याकडूनच कळलं ते असं. चाकातली हवा ओळखायच्या दोन रीती आहेत. हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित घटतो, त्यामुळे तेवढ्याच वाटेला त्याला जास्त फेरे घ्यावे लागतात; त्या फेऱ्यांवरून अंदाज बांधायचा ही एक. दुसरीत प्रत्येक चाकाला सेन्सर असतो आणि तो दाब मोजून बिनतारी कळवतो. कारखान्यातून येणारे असे सेन्सर टायरच्या आत असतात. त्यांची बॅटरी बहुधा बंदिस्त. ती संपली की टायर उतरवून अख्खा सेन्सर बदलायचा. ते काही अंगणातलं काम नव्हे. आमचे सेन्सर मात्र बाहेरचे, व्हॉल्व्हवर टोपणासारखे पिळून बसवलेले. अमेरिकेत टायरमुळे गाड्या उलटून माणसं गेली, तेव्हा 2000 साली कायदा झाला आणि 2008 च्या मॉडेलांपासून ही यंत्रणा नव्या मोटारींना सक्तीची झाली. एवढ्याशा टोपणामागं एवढा इतिहास!

रविवारी अंगणात चटई टाकून बसलो. "अहो, काय करूलालाय सकाळधरनं?" सौभाग्यवतींनी दोनदा विचारलं. बॅटरीवर 'सीआर 1632' असं लिहिलेलं. आधी दुकानदारानं 2032 दिली; ती मावेना. मग उलगडा झाला, की नावातच माप आहे: 16 मिलिमीटर रुंद, 3.2 मिलिमीटर जाड. दुसरी आणली, अधिक चिन्हाची बाजू बघून बसवली, झाकण पिळलं, सेन्सर चाकावर चढवला. गल्लीतून एक फेरी मारली आणि पडद्यावर 33 आला. चार आकडे, चार चाकं. दहावीचा निकाल शंभर टक्के लागल्यासारखा मी घरात शिरलो.

दुसऱ्या दिवशी 31 झाला. बुधवारी 29. मी म्हटलं, थंडी आहे. पाच-सहा अंशांनी गारवा वाढला की दाब एखाद्या आकड्यानं उतरतो, हे मी वाचलं होतं. पण थंडी पडली तर ती चारही चाकांना पडते, हा साधा विचार मुख्याध्यापकाच्या डोक्यात आला नाही. शनिवारी पहाटे निघालो, तेव्हा 24 होता आणि पडदा ओरडत होता. "सेन्सरच खोटं बोलतोय," म्हणून मी त्याच्यावर रुमाल टाकला.

निघालो होतो म्हापशाला. लेकीचं डोहाळजेवण, आणि दुसऱ्या दिवशी तिला बाळंतपणासाठी घेऊन याच चोर्ला घाटानं परत यायचं होतं.

जांबोटीत चहाला थांबलो. शेजारच्या पंक्चरवाल्यानं चाकाकडं बघून तिथूनच हाक दिली, "गाळी कडिमी ऐत्री सर!" मग जवळ येऊन मराठीत म्हणाला, "सर, ओळखलासा काय?"

ओळखलं नव्हतं.

त्यानं पोराला साबणाचं पाणी आणायला सांगितलं, सेन्सरवर ओतलं. बारीक बुडबुडे येऊ लागले. आतली रबरी चकती मी तिरकी बसवली होती. हा सेन्सर व्हॉल्व्हची पिन दाबून धरतो, म्हणजे व्हॉल्व्ह उघडाच राहतो. हवा अडवायची ती त्या चकतीनं. सेन्सर खरंच बोलत होता. गळती माझ्या हातची होती.

चकती नीट बसवून त्यानं हवा भरली, पुन्हा पाणी ओतलं. बुडबुडा नाही. मी रुमाल काढला. 33.

"तुमच्याच शाळंत होतो सर. नववीत तुम्ही माझं नाव कमी केलासा."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. वडील आजारी पडले, दुकान बघायला कुणी नव्हतं, एवढंच त्यानं सांगितलं. मला आठवला तो हजेरीपट. ओळीनं 'गै', 'गै', आणि मग तांबडी रेघ. सही माझीच. त्याच्या घरी मी कुणाला पाठवलं नव्हतं. 'मुलाला शिकायचंच नाही,' असं मी तेव्हा म्हटलं असणार. थंडी आहे म्हणालो तसंच.

पैसे देऊ लागलो, त्यानं घेतले नाहीत. म्हटलं, घे, नाहीतर मला घाट उतरवणार नाही. मग घेतले.

लेक सुखरूप आली. मार्चमध्ये नात झाली.

यंदा जूनपासून शाळेत कुणाच्या नावापुढं सलग तीन दिवस 'गै' पडला, की चौथ्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः त्या घरी जातो. बहुतेकदा नुसता ताप असतो. घरची माणसं चहा ठेवतात आणि म्हणतात, "सर, एवढ्यासाठी आलासा काय?"

मी म्हणतो, "होय, एवढ्यासाठीच."