हयातीचा दाखला

मी बँकेत कारकून आहे, हे मी कधी लपवलेलं नाही. लपवून उपयोगही नसतो. लग्नाच्या पंगतीत शेजारचा गृहस्थ श्रीखंड सोडून ठेवींवरचं व्याज विचारतोच.

तर आमच्या खिडकीवर दर सोमवारी एक आजोबा यायचे. वय ब्याऐंशी, दादरला एकटेच राहणारे, मुलगा कॅनडात. काम एकच, पासबुक भरून घेणे. आठवड्यात त्यात फार तर एक ओळ वाढलेली असे. पण ती छापून होईपर्यंत आजोबा स्वतःचा गुडघा, कॅनडातला बर्फ आणि पापलेटचा भाव हे तिन्ही विषय उरकून घेत. मागची रांग खोकू लागे. मी "हो का?", "अरे वा!" करीत शिक्के मारी. मान वर करायला सवड कुणाला?

दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळींना आपण जिवंत असल्याचं सरकारला कळवावं लागतं. त्याला म्हणतात हयातीचा दाखला. २०१४ पासून तो अंगठ्याच्या ठशावर देता येतो आणि २०२१ पासून तर नुसता मोबाइलसमोर चेहरा धरून! गेल्या नोव्हेंबरात मीच उत्साहाने आजोबांना ते शिकवलं. मोबाइलच्या हुकमाप्रमाणे त्यांनी डोळे मिचकावले, सरकारची खात्री पटली.

"बघा आजोबा, पुढच्या वर्षी घरबसल्या! पासबुकही बाहेरच्या यंत्रावर भरून मिळतं. आता खिडकीशी ताटकळायची गरजच नाही."

"म्हणजे येऊ नको म्हणता?" त्यांनी हसत विचारलं.

"तसं नाही हो..." म्हणत मी पुढचा टोकन नंबर पुकारला.

पुढच्या सोमवारी आजोबा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. माझी आठवड्याला दहा मिनिटं वाचली. आम्ही बी.कॉम.ची माणसं, वाचलेलं कुठंतरी जमेला दिसायला हवं. पुष्कळ शोधलं. त्या दहा मिनिटांत मी मोबाइलवर अनोळखी लोकांच्या सहली पाहिल्या होत्या, एवढंच निघालं.

यंदा नोव्हेंबरात आजोबांचा दाखला परस्पर आला. आजोबा हयात! सरकारला कळलं, संगणकाला कळलं. माणसानं मात्र कुणी त्यांना पाहिलं होतं की नाही, देव जाणे. आणि मी तरी काय करतो? डोंबिवलीला आमच्या समोरच्या ब्लॉकमधले गृहस्थ हयात आहेत, हे मी त्यांच्या दारावरची दुधाची पिशवी उचललेली पाहून ठरवतो.

दुपारी जेवायच्या सुट्टीत आजोबांना फोन लावला.

"काय हो, दाखल्यात घोटाळा झाला का?" आवाज धास्तावलेला.

"दाखला ठीक आहे. पासबुक फार मागे पडलंय. यंत्राला ते जमायचं नाही. सोमवारी माझ्याच खिडकीवर यावं लागेल."

"येतो ना! येतो की!"

"आणि येताना पापलेटचा भाव बघून या."

वीस वर्षांच्या नोकरीतली ही माझी पहिली अफरातफर. ऑडिटर विचारील तेव्हा बघू.