दुसऱ्यांदा चालवली तर?

सॉफ्टवेअरच्या दुनियेत इन्स्टॉल स्क्रिप्टला फारसा मान नाही. ती एकदा चालते, काम उरकते आणि विसरली जाते. मला मात्र याच लेखनाचा लळा लागला.

मीडियाविकी हे मुक्त सॉफ्टवेअर. विकिपीडिया त्यावर चालतो. २००३ सालच्या महाराष्ट्रदिनी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही त्यावरच. ते उतरवून घेऊन कुणालाही स्वतःचा विकी उभारता येतो, मग तो एखाद्या वाचनालयानं जमवलेला शेतीच्या अवजारांचा कोश का असेना. पण त्याआधी पीएचपी हवं, डेटाबेस हवा, वेब सर्व्हर हवा, फोल्डरांच्या परवानग्या हव्यात. अखेरीस लोकलसेटिंग्ज नावाची फाइल नेमक्या जागी ठेवायला हवी. सरावलेल्या माणसाचे हात हे सगळं न विचारता करतात, म्हणूनच त्याला ते धड सांगताही येत नाही. नवखा नेमका तिथे थबकतो. मीडियाविकी सोपेपणानं बसवून देणाऱ्या एका छोट्या मुक्त प्रकल्पासाठी मी स्क्रिप्ट लिहायला घेतली, ती त्या थबकलेल्या माणसासाठी.

हे लेखन विलक्षण आहे. कोरा सर्व्हर घ्यायचा, पहिल्या ओळीपासून निघायचं, शेवटाला पोचायचं. मग सगळं पुसून पुन्हा कोऱ्यापासून सुरुवात. ओळखीच्या वाटेनं परक्यासारखं चालत राहायचं. चालता चालता, आपण कधीच न पाहिलेले दगड दिसू लागतात.

देवनागरीचा दगड त्यातलाच. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘मराठी’ हा एवढासा शब्द १५ बाइटांचा. जुना मायएसक्यूएल डेटाबेस, वेगळं काही सांगितलं नाही तर, लॅटिन अक्षरंच गृहीत धरी, आणि मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राही. म्हणून स्क्रिप्टच्या शेवटी मी एक चाचणी ठेवली: डेटाबेसात ‘ज्ञानमंडळ’ लिहायचं, परत वाचायचं आणि तोच शब्द आला तरच ‘विकी तयार आहे’ म्हणायचं. पडद्यावर ‘ज्ञ’ आणि ‘ळ’ धडधाकट परतलेले पाहताना मला दर वेळी भरून येई.

प्रकल्पात माझी स्क्रिप्ट तपासणाऱ्यानं एकच प्रश्न विचारला: ही दुसऱ्यांदा चालवली तर?

त्या प्रश्नापाशी मी फार रेंगाळलो. वीज जाते, नेट तुटतं, माणूस घाबरतो आणि तीच कमांड पुन्हा देतो. तेव्हा त्याचं आधीचं काही मोडता कामा नये. मग एकेक पायरी विचारून चालू लागली. डेटाबेस आहे? असेल तर हात लावायचा नाही. सेटिंगची फाइल आहे? तिच्यावर लिहायचं नाही. पासवर्डही कमांडमध्ये उघडा ठेवायचा नाही. चालू प्रक्रियांच्या यादीत तो दुसऱ्याला दिसू शकतो. आणि अडलंच तर नुसतं ‘त्रुटी’ म्हणून गप्प बसायचं नाही. ‘डेटाबेस बंद आहे. तो सुरू करा आणि मला पुन्हा चालवा,’ असं नीट सांगायचं.

ही काळजी कुणाला अति वाटेल. पण अशी स्क्रिप्ट माणूस मशीनचे सर्वाधिकार देऊन चालवतो. अनोळखी माणसाच्या हाती घराच्या किल्ल्या देण्यासारखंच ते. २०११ साली लिनक्सवरच्या बंबलबी या मुक्त प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये, पुसून टाकण्याच्या कमांडमध्ये, एक जागा चुकून रिकामी सुटली. पुसायचं होतं आतलं एक लहानसं फोल्डर. त्या रिकाम्या जागेमुळे कमांडचा अर्थच पालटला आणि बहुतेक प्रोग्राम जिथे राहतात ते ‘यूएसआर’ हे अख्खं फोल्डर लोकांच्या मशीनवरून पुसलं गेलं. एका स्पेसमुळे! तेव्हापासून मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ती ओळ सगळ्यांच्या स्मरणात आहे. मी पुसण्याची प्रत्येक कमांड बोटानं अक्षर अक्षर वाचतो, आणि शक्य तिथे ती कमांडच काढून टाकतो.

माझी स्क्रिप्ट कोण चालवतं, हे मला कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. तुम्ही मात्र एखादं मुक्त सॉफ्टवेअर बसवायला घ्याल, तेव्हा शेजारी वही ठेवा. जिथे अडाल ती ओळ, पडद्यावर आलेला संदेश, सुटका कशी झाली, सगळं लिहा आणि प्रकल्पाला कळवा. नवखेपण फार दिवस टिकत नाही. ते आहे तोवर लिहा.